विक्रेत्याचे मौन आणि जुन्या गाडीचा ग्राहक



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते ग्राहक चळवळीत पडले तेव्हाची भांडणे वेगळी होती. रेशनच्या तांदळातले खडे, मापात मारलेले रॉकेल, हळदीतली भेसळ. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. सर त्या पिढीचे. मोटारगाडी हा विषय मी त्यांच्यापुढे ठेवला असता, तर त्यांनी आधी विचारले असते, की गाडी घेऊ शकणाऱ्या माणसाची काळजी आपण कशाला वाहायची?

त्याचे उत्तर आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात येणाऱ्या लोकांकडे पाहून मिळते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याची ती बहुतेक वेळा पहिलीच गाडी असते. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे असते, नोकरी रात्रपाळीची असते आणि एसटीची वेळ जुळत नसते. नवी गाडी झेपत नाही म्हणून पतसंस्थेचे कर्ज काढून, थोडे सोने मोडून तीन-साडेतीन लाख उभे केलेले असतात. घर सोडले तर त्या कुटुंबाने आयुष्यात केलेली ही सर्वांत मोठी खरेदी. पंधरा हजारांचा फ्रीज घेतला तर बिल मिळते, वॉरंटी कार्ड मिळते, कंपनीचा माणूस घरी येतो. साडेतीन लाखांच्या गाडीला मिळते एक डिलिव्हरी नोट, आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेले असते, की गाडी पाहून, चालवून, जशी आहे तशी पसंत करून घेतली आहे, पुढे कोणतीही तक्रार चालणार नाही.

त्या एका ओळीवर सही केली की सगळे संपले, अशी समजूत घेऊन लोक येतात. काही वकीलही तसेच सांगतात. आज मला मांडायचे आहे ते हे, की त्या सहीने सगळे संपत नाही. पण जे शिल्लक उरते ते एका गोष्टीवर टिकून असते: सौदा होताना कोण काय बोलले आणि त्याची खूण कुठे राहिली. आणि जिथे विक्रेता काहीच बोलला नाही, तिथे आपला कायदा आजही त्याला बरीच मोकळीक देतो. ती काढून घेतली पाहिजे.

ही मोकळीक जुनी आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या १७व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली समजुतीसाठी उदाहरणे दिली आहेत. त्यांतली पहिली तीन घोड्याची आहेत, कारण त्या काळी माणूस ज्याच्यावर स्वार होऊन जाई ते वाहन घोडाच. पहिल्या उदाहरणात एक जण लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. दुसऱ्यात घेणारी त्याचीच मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. तिथे नाते असे आहे की खोड सांगणे बापाचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निरोगी आहे असे मी धरून चालेन.' विकणारा गप्प राहतो. कायदा म्हणतो, आता हे गप्प राहणे म्हणजे बोलणेच आहे.

दीडशे वर्षांपूर्वीची ही तीन उदाहरणे आजच्या जुन्या गाड्यांच्या बाजाराला जशीच्या तशी लागू आहेत. तुम्ही काही विचारले नाही आणि तोही बोलला नाही, तर केवळ त्याच्या गप्प राहण्यावरून फसवणूक सिद्ध करणे कठीण. तुम्ही नेमका प्रश्न विचारला की त्याच मौनाची किंमत बदलते. ग्राहकाच्या हातातले सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे वेळेवर विचारलेला प्रश्न, आणि तोही मोबाइलवर लिहून.

पुढचा टप्पा १९३० चा, मालविक्री कायद्याचा. त्याच्या १६व्या कलमाची सुरुवातच अशी आहे, की मालाच्या दर्जाबद्दल विक्रेत्याने न सांगताच हमी दिली असे मानायचे नाही. खरेदीदाराने आपले डोळे उघडे ठेवावेत. पण लगेच अपवाद येतात. विक्रेता त्याच मालाचा व्यापार करणारा असेल, आपल्याला वस्तू कशासाठी हवी ते खरेदीदाराने त्याला सांगितले असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल, तर ती त्या कामाला योग्य असलीच पाहिजे. वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे. मात्र तुम्ही वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवे होते त्याबद्दल पुढे बोलता येत नाही. बंपरवरचा ओरखडा, गुळगुळीत झालेले टायर, फाटलेले सीट या गोष्टी तुम्ही पाहूनच घेतल्या. सिलिंडर हेडमधली चीर मात्र आवारात एक फेरी मारून दिसत नाही.

याच कायद्याच्या ६२व्या कलमात दोन्ही बाजूंना आपसात ठरवून या गृहीत हमी बाजूला ठेवण्याची मुभा आहे. डिलिव्हरी नोटेवरची ती बारीक ओळ तिथून आलेली. तिला थोडे वजन आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ती ओळ न सांगता गृहीत धरलेल्या हमीला बाजूला सारू शकते. विक्रेत्याने तोंडाने, जाहिरातीत किंवा व्हॉट्सॲपवर जे खोटे सांगितले, ते तिने धुऊन निघत नाही.

इथे ग्राहक संरक्षण कायदा उपयोगी पडतो. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि २० जुलै २०२० पासून तो अमलात आला. त्याच्यात ग्राहकाने माल नवा घेतला की जुना, असा भेद नाही. पैसे देऊन स्वतःच्या वापरासाठी घेतला, एवढे पुरे. दोषाची व्याख्या तर फार ताकदीची आहे. कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेल्या दर्जातली उणीव हा दोष आहेच, शिवाय व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला त्यात पडलेली उणीव हाही दोष आहे. कोणत्याही प्रकारे! काचेवर चिकटवलेला कागद, फेसबुकवरची पोस्ट, फोनवरचा संदेश, सगळे त्यात आले. दुसऱ्याने वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणे, दर्जाबद्दल किंवा मॉडेलबद्दल खोटे सांगणे, बिल न देणे, या गोष्टी याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेल्या आहेत.

आता एक प्रकरण जवळून पाहू. वाई तालुक्यात राहणारी एक परिचारिका. नोकरी शिरवळच्या बाजूला, बहुतेक रात्रपाळी. सकाळी घरी परतताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो. तिने शहरातल्या एका विक्रेत्याकडून सात वर्षे जुनी डिझेल गाडी ३ लाख १० हजारांना घेतली. मीटरवर ६२ हजार किलोमीटर. जाहिरातीत लिहिले होते, 'सिंगल ओनर, कंपनी सर्व्हिस, एक रुपयाचं काम नाही.' सौद्याच्या आदल्या रात्री तिने विक्रेत्याला संदेश पाठवला होता, 'दादा, इंजिन उघडलेलं नाही ना? मला रोज खंबाटकी चढायचा असतो.' त्याचे उत्तर आले, 'बिनधास्त घ्या ताई', आणि पुढे अंगठ्याचे चित्र.

तिसऱ्या आठवड्यात घाटातच गाडी तापली. काटा लाल रेषेवर, बॉनेटमधून वाफ. टोचन करून गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने इंजिन ऑइलचे झाकण उघडून तिला दाखवले. झाकणाच्या आत दुधावरच्या सायीसारखा पिवळट पांढरा थर जमला होता. कूलंटचे पाणी ऑइलमध्ये मिसळले की असा थर धरतो. म्हणजे हेड गॅसकेट गेलेले किंवा हेडच वाकलेले. विकण्यापूर्वी ऑइल बदलले, रेडिएटरमध्ये गळती बुजवणारे औषध ओतले, की सपाट रस्त्यावर काही दिवस ते लपून राहते. घाटात राहत नाही. पुढे गाडी तिच्या नावावर झालेली असल्यामुळे अधिकृत वर्कशॉपने सर्व्हिसच्या नोंदींची प्रत दिली. विक्रीच्या दोन वर्षे आधीच्या एका नोंदीत किलोमीटर होते १ लाख ३४ हजार.

विक्रेत्याने पहिल्यांदा डिलिव्हरी नोट पुढे केली. पाहून, चालवून घेतली आहे ना? मग तो म्हणाला, मीटर आधीच्या मालकाने मागे घेतला असेल, मला काय माहीत. तिसऱ्यांदा म्हणाला, तुम्ही सर्व्हिस रेकॉर्ड आधीच का नाही काढलंत? शेवटचा बचाव बहुतेक प्रकरणांत येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट लक्षात ठेवा. करार कायद्याच्या १९व्या कलमात एक अपवाद आहे. विक्रेता नुसता गप्प राहिला असेल आणि साध्या चौकशीने खरे कळण्याजोगे असेल, तर खरेदीदाराला करार मोडता येत नाही. नकळत दिलेल्या चुकीच्या माहितीलाही तोच अपवाद लागू. पण जाणूनबुजून केलेल्या खोट्या कथनाला तो आडोसा मिळत नाही. म्हणूनच विक्रेता फक्त गप्प होता की स्वतः खोटे बोलला, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

या प्रकरणात तिचा संदेश आणि त्याचे उत्तर दोन्ही कागदावर आले. गाडी कशासाठी हवी ते तिने सांगितले होते, प्रश्न नेमका विचारला होता, आणि त्याने भरवसा दिला होता. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली, विक्रेत्याला नोटीस गेली, पुढे प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले गेले. तिथे त्याने गाडी परत घेतली आणि किंमत व गॅरेजचा खर्च दिला. मानसिक त्रासाची भरपाई मिळाली नाही, तिनेही ती सोडून दिली, कारण तिला दुसऱ्या गाडीसाठी पैसे तातडीने हवे होते. त्या विक्रेत्याच्या आवारात आजही गाड्या उभ्या आहेत आणि डिलिव्हरी नोटेवर तीच ओळ छापलेली आहे. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

अंगठ्याच्या चित्रावर सगळी भिस्त ठेवू नका. फोनमधला पुरावा आयोगापुढे नीट मांडायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावे. जाहिरात दिसताक्षणी तिचा स्क्रीनशॉट घ्यावा, कारण गाडी विकली गेली की जाहिरात उतरवली जाते. इसार दिलात तर पावती मागा, आणि पावतीवर किलोमीटर लिहून घ्या.

पुराच्या गाड्यांचा प्रश्न महाराष्ट्रात स्वतंत्रपणे बोलण्याजोगा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत तसेच झाले, २०२१ मध्ये चिपळूणला. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी ती गाडी पूर्ण नुकसानीत काढते आणि तिचा सांगाडा विकला जातो. तो विकत घेणारा गाडी धुऊन, वाळवून, सीट कव्हर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात उभी करतो. महिनाभर ती उत्तम चालते. मग वायरिंगच्या जोडांना गंज धरतो, कधी पॉवर स्टिअरिंग, कधी एअरबॅगचा दिवा, कधी धावत्या गाडीचे इंजिन अचानक बंद. गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. बेल्टचा जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो त्यावर गाळाची रेघ राहते. सीट सरकवण्याच्या पट्ट्यांवरचा गंज पाहा, स्टेपनीखालचा खळगा पाहा. आणि प्रश्न लिहून विचारा, 'ही गाडी पुराच्या पाण्यात गेली होती का? विमा कंपनीने ती पूर्ण नुकसानीत काढली होती का?'

दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातून १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्या हटवण्याचा आदेश दिल्यावर तिथल्या अनेक गाड्या इतर राज्यांत गेल्या. गाडी चांगलीही असू शकते. पण दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. तो खर्च सौद्यात कुणी सांगत नाही.

आता अप्रिय भाग. शेजाऱ्याकडून, ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून किंवा जाहिरात पाहून थेट मालकाकडून गाडी घेतलीत, तर ग्राहक आयोगाचा रस्ता साधारणपणे बंद असतो. स्वतःची एक गाडी विकणारा नोकरदार माणूस व्यापारी नाही. मालविक्री कायद्यातली दर्जाची गृहीत हमीही व्यापाऱ्यालाच लागू. उरतो करार कायदा आणि दिवाणी न्यायालय. फसवणूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो, पण दिवाणी दावा म्हणजे काय ते सभागृहातल्या अनेकांना अनुभवाने माहीत आहे. एक सावधगिरीची सूचना. काही व्यापारी गाड्या स्वतःच्या नावावर आणतच नाहीत. आधीच्या मालकाने कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर केलेल्या सह्या त्यांच्याकडे तयार असतात. पैसे व्यापारी घेतो, कागदावर मात्र विकणारा तो मूळ मालक. तक्रार झाली की व्यापारी म्हणतो, मी फक्त मधला एजंट. अशा वेळी पैसे कोणाच्या खात्यात गेले, हा एकच पुरावा ग्राहकाला वाचवतो. म्हणून रोख देऊ नका. कमी दरात देतो म्हणून सांगितले तरी देऊ नका.

या पळवाटेला काही प्रमाणात आळा बसला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन विभागाकडून प्राधिकारपत्र घ्यायचे, ते पाच वर्षे चालते. मूळ मालकाने गाडी व्यापाऱ्याकडे सोपवली की तशी सूचना फॉर्म २९ग मध्ये ऑनलाइन द्यायची, आणि तिथून पुढे तो व्यापारीच गाडीचा मालक मानला जातो. कायद्याने त्याला मालक म्हटले, की 'मी फक्त मधला' हे म्हणण्याची जागा राहत नाही. ग्राहक म्हणून गाडी पाहायला जाताना त्याचे प्राधिकारपत्र भिंतीवर आहे का, हे आधी पाहा. नसेल तर निघून या. सौदा कितीही चांगला वाटला तरी.

गाडी विकणाऱ्यांसाठीही हा नियम मोठा दिलासा आहे. २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गाडी एकामागून एक कितीही हातांत गेली तरी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने मालक. गाडी विकून वर्ष उलटलेल्या माणसाला लाखोंच्या भरपाईची नोटीस येते ती यामुळे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. दुसऱ्याला झालेल्या इजेपुरता विमा गाडीबरोबर आपोआप येतो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. बँकेचा बोजा उतरला आहे का, चलने थकली आहेत का, हे वाहन पोर्टलवर घरबसल्या दिसते, त्यावर अधिक बोलत नाही.

ऑनलाइन मंचांवरून गाडी घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. तिथे सुरुवातीलाच एक गोष्ट ओळखावी लागते. मंच स्वतः गाडी विकतो आहे, की फक्त विकणाऱ्याची आणि तुमची गाठ घालून देतो आहे? २०२० चे ई-कॉमर्स नियम या दोन्हींना वेगवेगळी कर्तव्ये घालतात. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे, हे मात्र दोन्हींना लागू. शेकडो मुद्द्यांची तपासणी केली असे सांगून गाडी विकली, तर तो तपासणी अहवाल डाउनलोड करून जपून ठेवा. अहवालात इंजिनपुढे बरोबरची खूण असेल आणि महिन्यात इंजिन उघडावे लागले, तर ती खूण म्हणजे त्यांचा दावा.

आपण कोणाशी सौदा केला हे ओळखणे किती महत्त्वाचे आहे, ते गोव्यातल्या एका प्रकरणात दिसले. २०११ मध्ये नवी गाडी म्हणून पैसे भरलेल्या ग्राहकाला विक्रेत्याने २००९ चे मॉडेल दिले, तेही ६२२ किलोमीटर चाललेले. ग्राहक जिल्हा ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत जिंकत गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याची जबाबदारी कायम ठेवली, पण उत्पादक कंपनीला मोकळे केले. कंपनीने गाडी विक्रेत्याला विकली, तिथे तिचा संबंध संपला, विक्रेत्याच्या लबाडीची तिला कल्पना होती असे दिसत नाही, हा त्यामागचा विचार. मोठ्या नावाच्या पाटीकडे पाहून ग्राहक विश्वास टाकतो, आणि जबाबदारी मात्र पाटीखालच्या छोट्या कंपनीवर राहते. ती बंद पडली तर निकालाचा कागद हातात घेऊन तो कुठे जाणार?

तक्रार कशी करायची, हे थोडक्यात. ५० लाखांपर्यंतच्या किमतीचे प्रकरण जिल्हा आयोगात. किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ही २०१९ च्या कायद्याची मोठी देणगी, कारण पूर्वी वाईच्या माणसाला विक्रेत्याच्या शहरात जाऊन तारखा कराव्या लागत. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असे नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते, आणि आधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर काही प्रकरणे तिथेच मिटतात. गाडी टॅक्सी म्हणून चालवणाऱ्यांनी घाबरू नये. पोट भरण्यासाठी स्वतः चालवत असाल तर तुम्ही ग्राहकच आहात, असे १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. ड्रायव्हर ठेवून चार गाड्या चालवणारा त्यात येत नाही.

प्रकरणे हरतात ती बहुधा एका ठिकाणी, दोष सिद्ध करण्यात. ग्राहक संतापाच्या भरात इंजिन उघडायला सांगतो, मेकॅनिक जुने सुटे भाग भंगारात टाकतो, गाडी दुरुस्त होते आणि पुरावा संपतो. विक्रेता शांतपणे म्हणतो, दोष होताच कुठे? म्हणून आधी विक्रेत्याला लेखी कळवा, गाडी पाहायला बोलवा, तो आला नाही तर दुसऱ्या जाणकार मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या, फोटो काढा, काढलेला प्रत्येक भाग पोत्यात भरून घरी आणा. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याचे शुल्क मात्र तक्रारदाराला भरावे लागते. आणि झिजेला दोष म्हणू नका. दहा वर्षांच्या गाडीची क्लच प्लेट गेली, बॅटरी उतरली, तर त्यात विक्रेत्याचा अपराध नाही. जुन्या गाडीकडून अपेक्षा तिच्या वयाची आणि किमतीची ठेवायची. अशा तक्रारी घेऊन लोक येतात आणि खऱ्या तक्रारींचे वजन कमी करून जातात.

हे सगळे सांगताना मला सतत जाणवते, की मी सारा भार ग्राहकावरच टाकतो आहे. त्याने विचारावे, त्याने लिहावे, त्याने पोत्यात भाग साठवावेत. गाडीबद्दल सर्वांत जास्त माहिती ज्याला आहे, त्याने मात्र गप्प बसले तरी चालते. हे उलटे आहे. जॉर्ज अकेर्लॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, ज्याचा पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात मोठा वाटा होता. त्यात भारतातल्या सावकारी कर्जाचेही उदाहरण आहे. त्याचे म्हणणे असे, की खरेदीदाराला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल तर तो दोन्हींना मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, वाईट गाडीचा मालक आनंदाने होतो, आणि हळूहळू बाजारात वाईट गाड्याच उरतात. म्हणजे विक्रेत्याच्या मौनाचा फटका प्रामाणिक विक्रेत्यालाही बसतो.

इतर देशांनी यावर उपाय केले आहेत. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतरही सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो विक्रीच्या वेळीच होता असे धरले जाते, आणि तसे नव्हते हे व्यापाऱ्याने सिद्ध करायचे. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून व्यापाऱ्याला प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर एक ठरावीक नमुन्याचा कागद लावावा लागतो, हमी आहे की नाही ते त्यावर स्पष्ट लिहून. मीटर मागे फिरवण्यावर तिथे १९७२ पासून संघराज्याच्या कायद्याने स्वतंत्र बंदी आहे. आपल्याकडे तो प्रकार सर्वसाधारण फसवणुकीच्या कलमात बसवावा लागतो.

माझी मागणी म्हणूनच साधी आहे. प्राधिकारपत्र देण्याची व्यवस्था २०२३ पासून हाताशी आहे. त्याच नियमांत भर घालून प्रत्येक व्यापाऱ्याला गाडीबरोबर एक सहीचे माहितीपत्रक देणे बंधनकारक करावे. शेवटच्या सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर, मोठा अपघात, पुराचे पाणी, विम्याचे मोठे दावे, इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडल्याची नोंद. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' असे लिहावे, पण कोरे सोडू नये. आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला मोठा दोष आधीपासून होता असे गृहीत धरावे. करार कायद्याच्या त्या दुसऱ्या उदाहरणात बाप आणि मुलगी यांच्यात जे कर्तव्य आपण मान्य केले, ते व्यवसाय म्हणून गाड्या विकणाऱ्या माणसाने अनोळखी परिचारिकेबाबत पाळावे, इतकेच हे मागणे आहे.

यावर व्यापारी मित्र मला सांगतात, की गाड्या महाग होतील. काही महाग होतील, हे खरे. ज्यांचे हेड गॅसकेट शाबूत आहे, ज्यांचा मीटर खरा आहे, अशा गाड्यांची किंमत वाढेल आणि ती वाढायलाच हवी. दुसरा आक्षेप असा, की छोट्या व्यापाऱ्याला एवढी माहिती मिळवणे जमणार नाही. ज्याच्याकडे गाडी ठेवून घेताना सर्व्हिसची नोंद मागण्याचा अधिकार आहे, विम्याचा इतिहास मागण्याचा अधिकार आहे, तो मूळ मालकाकडून हे सगळे मागू शकतो, आणि खरे म्हणजे भाव पाडण्यासाठी आजही मागतोच. गाडी विकत घेताना तो जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे गाडी विकताना त्याने पुढच्या माणसाला द्यावीत. परिवहन विभागाकडे पाठवण्यासाठी या माहितीपत्रकाचा मसुदा आम्ही केला आहे. त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांनी जुनी गाडी घेतली आहे किंवा विकली आहे, त्यांनी त्यात कोणते रकाने राहिले ते लिहून द्यावे. विशेषतः गॅरेज चालवणारे कोणी इथे असतील तर त्यांनी, कारण कोणता दोष कसा झाकला जातो हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.